करार, शाल आणि श्रीफळ

सातारा-सांगलीकडे हल्ली 'विद्यापीठ आणि उद्योग यांतली दरी' बुजवायची टूम आहे. दरी बुजते ती अशी : कारखानदार येतो, सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. करार फायलीत जातो, फाइल मूल्यांकन समितीची वाट बघत बसते. नव्या शैक्षणिक धोरणात कामावरच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत, म्हणून पोरगं मामाच्या वर्कशॉपचा शिक्का मारून आणतं. मामा लेथला हात लावू देत नाही. बोट गेलं तर बहिणीला काय सांगणार?

१९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणारे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले होते चित्रकला शिकायला. तिथं कळलं, रंगच नीट ओळखता येत नाहीत. त्यांच्या कारखान्यातले नांगर गावोगाव खपवत हिंडणारे भाऊराव पाटील मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले. याच गृहस्थांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, पुढे 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांच्या हाती खोरं दिलं. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. आज दोघं मुलाखतीला आले, तर पहिल्याच चाळणीत गळतील. एकाची शाखा भलतीच, दुसऱ्याकडं गुणपत्रिकाच नाही.

परवा याच विषयावरच्या चर्चासत्रात माइक बंद पडला. सभागृहात अभियांत्रिकीची दोनशे मुलं होती. शेवटी मंडपवाल्याचा वायरमन आला. सातवी पास.