तातडीला सुट्टी असते
अमेरिकेत धंद्याची चेकबुकं छापखान्यांकडून ‘तातडीने’ मागवता येतात. ही तातडी जादा पैसे भरल्यावर सुरू होते आणि त्या दिवसाची ऑर्डरची वेळ टळली की निमूट उद्यावर जाते. शनिवार-रविवारी तर बहुधा तिलाही सुट्टी. गंमत पुढेच आहे. २००४ पासून लागू असलेल्या ‘चेक २१’ कायद्यामुळे तिथल्या बँका कागदाऐवजी चेकच्या प्रतिमेवर व्यवहार उरकू शकतात. म्हणजे जो कागद विमानाने धावतपळत आणायचा, त्याचा शेवटी फोटोच निघणार! कुणी म्हणेल, जागामालकाला भाडं चेकनेच हवं. कबूल, पण बँकेच्या खिडकीवर कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेनेच काढलेला चेक, सहसा त्याच दिवशी मिळतो. छापखान्याशी भांडण्यापेक्षा ते स्वस्त, फक्त भांडणाचं समाधान त्यात नाही.