जर-तरवाला

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरच्या वर्गात हा गडी एक तरी असतोच. पहिल्या वर्षी तो तुमच्या-आमच्यासारखंच बोलायचा. मग डिस्क्रीट मॅथ्समध्ये लॉजिक सुरू झालं आणि त्याच्या घरातलं सरळ बोलणं संपलं.

सरावात तो कमी पडत नाही. दोन विधानं असली की ट्रुथ टेबलला चार ओळी, तीन असली की आठ, पाच असली की ३२. पट्टीने रेघा मारून तो ३२ ओळी भरतो, मधेच कुठेतरी टीच्या जागी एफ पडतो, आणि यायची ती टॉटॉलॉजी काही येत नाही. मग उरलेला सराव माणसांवर होतो.

खानावळीच्या फळ्यावर 'ताक किंवा गोड' लिहिलेलं असतं. हा दोन्ही वाट्या उचलतो. दोन्ही घेतल्या तरी 'किंवा' खरंच राहतं, हे काकूंना समजावतो. काकू ऐकून घेतात आणि बिलात थाळी 'आणि' जादा वाटी लावतात.

आई विचारते, "दूध आणि ब्रेड आणलंस का रे?"

"नाही."

ती पिशवी घेऊन निघते, तर फ्रीजमध्ये दूध!

"अगं, दोन्ही आणलं का, याचं उत्तर 'नाही'. म्हणजे दूध नाही किंवा ब्रेड नाही. डी मॉर्गनचा नियम! १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मलेला माणूस."

"मग ब्रेड आणायला त्यालाच पाठव."

'अभ्यास केला नाहीस तर मोबाइल काढून घेईन,' ही आईची जुनी धमकी. एका संध्याकाळी हा चक्क अभ्यासाला बसतो, आणि तरीही मोबाइल जातो. आईने शब्द मोडला, असं म्हणत तो टेबल मांडतो. 'जर'चा भागच खोटा, म्हणजे अख्खं विधान खरं. आईवर केस उभीच राहत नाही.

पुढे प्रेडिकेट लॉजिक येतं आणि 'सर्व', 'काही' हे शब्द घरात जपून वापरावे लागतात. आजोबा म्हणतात, "हल्लीची सगळी पोरं बिघडलीत."

"आजोबा, हे खोटं पाडायला न बिघडलेला एक मुलगा पुरतो."

"दाखव."

तो खोलीभर नजर फिरवतो. खोलीत तो एकटाच असतो.

मित्रांत मात्र त्याची कॉलर ताठ. "माझ्या सगळ्या गर्लफ्रेंड आयएएस आहेत," असं तो बेधडक सांगतो. विधान शंभर टक्के खरं. एकही नसल्यामुळे खोटं पाडायला आणणार कुणाला?

परीक्षेच्या आदल्या रात्री तो स्वतःशी मांडणी करतो. अभ्यास केला तर पास होतो. मी अभ्यास केलेला नाही. यावरून मी नापास होईन, असं सिद्ध होत नाही. तर्क बिनचूक असतो. त्याला गाढ झोप लागते.

निकाल लागतो. बाबा कॉमर्सचे, मोडस टोलेन्स हे नावही त्यांच्या कानावरून गेलेलं नाही.

"तूच म्हणतोस ना, अभ्यास केला की पास होतो? पास झाला नाहीस. म्हणजे अभ्यास केला नाहीस."

हा हरकत घ्यायला तोंड उघडतो, मनात पायऱ्या तपासतो आणि तोंड मिटतो. सिद्धता बरोबर असते. पूर्ण मार्क द्यावे लागतात, तेही बाबांना.