पाऊण रेसच्या पुढे

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे पाळण्यातल्या पोराच्याही कानावरून गेलेली असते. ती कोणी काढली, कशावरून काढली, हे विचारायचं नसतं. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र ती मला पुरती पटलेली आहे. पेट्रोलवर पळणारी पहिली दुचाकी डाइमलर आणि मायबाख या दोघा जर्मनांनी १८८५ साली बनवली. फवारा मारणारा कार्बोरेटर मायबाखनंच १८९३ साली काढला, आणि प्लगमध्ये भरवशाची ठिणगी पाडायचं काम १९०२ साली बॉशच्या कारखान्यात झालं. थोडक्यात, बिघडू शकतील असे सगळे भाग जर्मनीनं शोधले. ते बिघडवून दाखवायचं काम परभणीकडं आलं. ती पहिली गाडी ताशी अकरा-बारा किलोमीटर पळायची. डाइमलरचा मुलगा तिच्यावर बसून निघाला, तेव्हा खालच्या तापलेल्या नळीनं वाटेत सीटच पेटलं, असं सांगतात. मे महिन्यात परभणीत गाडी दोन तास उन्हात लावा आणि मग बसून बघा. इंजिन चालू करायचीही गरज पडत नाही.

माझी गाडी शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली, म्हणजे बीएस-सिक्सच्या आधीची. तिच्यावर बारा वर्षं मी चाळीसच्या वेगानं शाळेत जातोय. गावात माझी ख्याती ‘शांत सर’ अशी आहे. पण शांतपणा माझा नव्हता, रस्त्याचा होता. खड्डे चुकवण्यात मूठ कधी अर्ध्याच्या पुढं पिळलीच गेली नाही. मग रस्ता सिमेंटचा झाला आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी, गंगाखेडच्या बाजूला जाताना, मी जन्मात पहिल्यांदा मूठ शेवटपर्यंत पिळली. साठपर्यंत गाडी गुणगुणत गेली. पुढं फट्, फटाक्, एक हिसका, पुन्हा फट्. मूठ सैल केली की लगेच शहाण्यासारखी चालायची. रस्ता झाला नसता तर हा रोग उघडकीलाच आला नसता.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, मग नका ना पिळू एवढी.” या प्रकरणात मला मिळालेला हा एकमेव फुकटचा सल्ला. म्हणूनच मी तो मनावर घेतला नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत चर्चा झाली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल उसापासून होतं, तेव्हा गाडीला शुगर झाली असणार, असं निदान आमच्या गणिताच्या सरांनी केलं. त्यांना स्वतःला आहे. चालवून बघा, पण उपाशीपोटी, असंही ते म्हणाले.

पहिल्या वस्तादांकडे गेलो. वस्तादांनी झाकण उघडलं, दोन्ही हातांनी गाडी हलवली, आत डबक डबक आवाज ऐकला आणि म्हणाले, “पेट्रोल तर हाय.” मग वसमत रोडनं काळ्या कमानीपर्यंत एक चक्कर मारून आले. “सर, गाडी मख्खन चालायली. कुठं मारायली झटके?” दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा आणि आईनं वरमावं, तसा मी वरमलो. पण आलोच आहे तर कार्बोरेटर उघडू, असं ठरलं.

कार्बोरेटरमध्ये तीन वाटा असतात, हे मला तेव्हा कळलं. मूठ नुसती उघडली की पायलट जेट, हे आपलं ठिबक. मधल्या टप्प्यात सुई वर उठते आणि तिच्या कडेनं पेट्रोल जातं, ते तुषार. पाऊण रेसच्या पुढं मात्र सगळी मदार मेन जेटवर, म्हणजे मोकळं पाटपाणी. “तुमची गाडी पाटालाच अडायली,” वस्ताद म्हणाले. त्यांनी मेन जेट तोंडात धरून फुंकला, उजेडाकडं धरून एका डोळ्यानं पाहिला, मलाही दाखवला. सुईच्या टोकाएवढ्या त्या छिद्रातून मला समोरची चहाची टपरी स्पष्ट दिसली. कचरा काही नव्हता. तरी मी मान डोलावली. माणूस एवढ्या भक्तीनं दाखवतोय म्हटल्यावर काहीतरी दिसावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी दैठण्याच्या जवळपास पुन्हा फटाक्.

दुसरे वस्ताद वायरिंगवाले. त्यांनीही आधी झाकण उघडून गाडी हलवली, चक्कर मारली, गाडी मख्खन. पण यांनी माझं ऐकून घेतलं. “साब, ये करंट का मामला है.” त्यांचं म्हणणं असं की फुल रेसला सिलिंडरमध्ये माल जास्त भरतो, दाबला जातो, आणि त्या दाट गर्दीतून ठिणगीला उडी मारायला जोर जास्त लागतो. कमजोर करंट चाळीसला चालून जातो, सत्तरला माघार घेतो. ऐकून मी थक्क झालो. बरोबर होतं ते! वीस वर्षं विज्ञान शिकवून हे इतकं सोपं मला सांगता आलं नसतं. त्यांनी प्लगची फट सात दशांश मिलिमीटरवर आणली, मग प्लगच बदलला, मग प्लगची कॅप, मग कॉईल. जुना प्लग माझ्या हातात दिला. टोक पांढरट होतं. काजळी असती तर पेट्रोल जास्त, तपकिरी असता तर तब्येत ठीक, “और ये सफेद है, तो पेट्रोल कम पड रहा.” पण पेट्रोलचं खातं त्यांचं नव्हतं. त्यांनी मला परत पहिल्याकडं पाठवलं.

तिसऱ्यांनी टॅपेट आवळले. चौथ्यांनी एअर फिल्टरमधून अर्धा वाफा काळी माती काढली. पाचव्यांनी नुसता आवाज ऐकून ‘रिंग-पिस्टन’ हा शब्द उच्चारला, तेव्हा मी किल्ली मागून घेतली.

एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. त्यांच्याकडं गाडी कधीच बिघडली नाही. गॅरेजपासून घरापर्यंतही नाही. दहा-पंधरा किलोमीटर गेलं, शेतं लागली, बघायला कोणी नाही अशी खात्री झाली की मगच ती आपले रंग दाखवायची.

शेवटी पोखर्णीच्या पुढं ती बंदच पडली. बाजूच्या रानात कापसाची वेचणी चालू होती. रस्त्याच्या कडेला एक आजोबा पिशवी घेऊन गाडीची वाट बघत उभे होते. “काय झालं, गुरुजी?” मी सगळं सांगितलं, पायलट जेटपासून कॉईलपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पेट्रोल हाय का?”

“अर्धी टाकी आहे, बाबा.”

“उघडून तर बगा.”

मी किल्ली फिरवून झाकण उचललं. फुस्स! टाकीनं असा लांब श्वास आत ओढला, जणू बुडता माणूस वर आला.

“कोंडली की हो बिचारी,” आजोबा म्हणाले. “तेलाच्या डब्याला एकच भोक पाडल्यावर तेल येतंय का?”

आता सांगायला हवं. जुलैत टाकीत पावसाचं पाणी गेलं होतं. तेव्हा मी झाकण निरखून पाहिलं, तर किल्लीच्या भोकाशेजारी टाचणीएवढं एक छिद्र दिसलं. कंपनीकडून चुकून राहिलं असणार, असं समजून मी ते दोन गोळ्या मळून लावायच्या लुकणानं पक्कं बुजवलं. वर पॉलिश पेपर मारला. दोन दिवस शेजाऱ्यांना दाखवलं. टाकीतून पेट्रोल जायचं तर तेवढी हवा आत यावी लागते. चाळीसच्या वेगाला झाकणाच्या रबराच्या कडेनं झिरपणारी हवा पुरायची. फुल रेसला कार्बोरेटरची वाटी भरण्याआधीच रिकामी व्हायची. आणि प्रत्येक वस्ताद आधी झाकण उघडायचा! म्हणजे रोग्याला बरं करून मग त्याला तपासायचा. हवेचा दाब शिकवताना दरवर्षी सातवीच्या पोरांसमोर मी डब्याला दोन भोकं पाडतो. दुसरं कशासाठी, असं विचारून हात वर करायला लावतो.

आजोबांच्या पिशवीत गोधडी शिवायची सुई निघाली. तिनं दहा मिनिटं टोकरल्यावर लुकण निघालं. गाडी एका किकला लागली.

“गंगाखेडला जायलाव का? मला फाट्याला सोडा.”

आजोबा मागे बसले. मी मूठ पिळली. पन्नास, साठ, पाऊण रेस, पूर्ण रेस, सत्तर, पंचाहत्तर. एकही फट् नाही. बाजूचा कापूस नुसती पांढरी रेघ झाला.

खांद्यावर एक हाडकुळा हात पडला. “गुरुजी, हळू. पाडताव का मला?”

काटा खाली आला आणि चाळीसवर थांबला.