घाई झाली होती मला

गांधीजी 1936 साली सेगावात राहायला आले, तेव्हा मातीच्या भिंती आणि कवेलूंच्या छपरात त्यांचं भागलं. त्याच गावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, मी ऑर्किडसाठी कूलर लावला.

टिश्यू कल्चरची फॅलेनॉप्सिसची रोपं कुरिअरने मागवली होती. बाटलीतून निघालेलं रोप फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. वाट बघण्याचा माझा सगळा कोटा नोकरीत प्रमोशनपायी संपलेला. त्यात वाचलं, की सिंगापुरात शास्त्रज्ञांनी डेंड्रोबियम काही महिन्यांत बाटलीतच फुलवलं. बेंझिल अ‍ॅडेनिन नावाचं संप्रेरक वापरून. डेंड्रोबियम वेगळं, फॅलेनॉप्सिस वेगळं, हा तपशील मी किरकोळीत काढला.

प्रयोगशाळेत 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली सगळं निर्जंतुक करतात. आपला प्रेशर कुकर तेच करतो. अगर, साखर, नारळपाणी, कुस्करलेलं केळं (हे खरंच घालतात, शिऱ्याशी संबंध नाही) आणि चिमूटभर संप्रेरक अशी भट्टी जमवली. आठवडाभरात बाटल्या बहरल्या. पांढरी बुरशी, काळी बुरशी, आणि एक तर फारच देखणी पोपटी.

"अहो, फुललं की!" ही म्हणाली. त्या कुकरात पुन्हा तुरीचं वरण मात्र तिने लावलं नाही.

मग कळलं, फॅलेनॉप्सिसला औषधापेक्षा गारवा लागतो. तापमान काही आठवडे 26 अंशांच्या खाली राहिलं, तर ते फुलाचा दांडा काढतं. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी 45 आणि रात्रीही तिशीच्या आसपास! म्हणून आमच्या खोलीतला कूलर कुंड्यांकडे गेला आणि आम्ही गच्चीवर.

"झाडं कूलरमंदी अन् तुमी गच्चीवर? काय करून राह्यले बाप्पा!" शेजारचे भाऊ म्हणाले. त्यांच्या वावरातल्या आंब्यावर वांडा हे रानातलं ऑर्किड दर उन्हाळ्यात फुलतं. ते त्याला बांडगूळ म्हणतात आणि पाणीही घालत नाहीत. मी त्यांना आर्द्रतेवर व्याख्यान दिलं.

पावसाळ्यात दमट हवेपुढे कूलरने हात टेकले. पानांच्या बेचक्यात पाणी साचून काही रोपं मुळातून नाही, डोक्यातून कुजली. मालकाची लागण असावी.

आणि हिवाळा आला. रात्री घरात आपसूक 18-20 अंश, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा गारवा, तोही फुकट. मला त्या रोपांची इतकी कणव आली, की मी रात्रभर शंभराचा बल्ब लावून त्यांना ऊब दिली.

उरलेल्या रोपांची पानं तुकतुकीत आहेत, दांड्याचा पत्ता नाही. कुणाला हवी असतील तर घेऊन जा. थंडीत उजेडाच्या खिडकीशी ठेवा आणि बल्ब लावू नका. कुकरही देतो. कूलर मात्र हिने ताब्यात घेतलाय, तो मागू नका.