पालक मंडळ काढू इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

अपत्य झाल्यापासून ते शिकून परगावी जाईपर्यंतच्या प्रदीर्घ कालखंडात मनुष्यास जी एक भावना अखंड सोबत करते, ती म्हणजे शेजारच्या घरातले आईबाप आपल्यापेक्षा अधिक जाणते आहेत, ही होय. आणि भिंतीपलीकडेही नेमकी हीच भावना, त्याच वेळी, त्याच पाढ्यांच्या आरडाओरड्यात नांदत असते, याचा सुगावा लागण्यासाठी मनुष्याने जे उपाय योजले, त्यांत पालक मंडळ हा सर्वांत आडवळणाचा आहे. प्रस्तुत लेखकाने पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत असे मंडळ काढले, दोनदा बुडवले, आणि तिसऱ्यांदा ते त्याच्या इच्छेविरुद्ध तरले. एवढ्या अधिकारावर पुढील कलमे इच्छुकांच्या माहितीसाठी जाहीर करण्यात येत आहेत.

कलम पहिले : घटना. चार माणसे चहाला जमून मुलांविषयी बोलू लागली, तर त्यास गप्पा म्हणतात. त्यांत आणखी तिघांची भर घालून घटनेचा मसुदा केला, म्हणजे ते लोककार्य होते. सातच का, असे कोणी विचारल्यास 1860 चा संस्था नोंदणी कायदा दाखवावा. त्याखाली संस्था नोंदवावयास किमान सात असामी लागतात. आमच्या सातांपैकी अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार व सल्लागार असे सहा पदाधिकारी झाले आणि सातव्या गृहस्थांवर एकट्याने सर्वसाधारण सभासदत्वाचा भार पडला. त्यांनी दुसऱ्याच महिन्यात राजीनामा दिला, आणि रयत नसलेले सरकार जसे निर्वेध चालावे, तसे मंडळ काही काळ निर्वेध चालले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवून दिले आहे. आमच्या मंडळास असा कोणताही कायदा लागू नसल्याने खुर्च्यांवर वडील आणि सतरंजीवर आया, अशी परंपराप्राप्त व्यवस्था आपोआप झाली. उद्दिष्टांत ‘पाल्यांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द अवश्य घालावेत. कोणकोणती अंगे, हे कोणी विचारत नाही.

कलम दुसरे : गणपूर्ती. सभेची सूचना व्हॉट्सॲपवर धाडताच पन्नास अंगठे उमटतात. पूर्वीचा निरक्षर कुळवाडी कागदावर अंगठा उठवी आणि त्या अंगठ्यास तीन पिढ्या बांधील राही. हल्लीचा सुशिक्षित पालक अंगठा उठवतो, त्याचा अर्थ तो येणार नाही, एवढाच घ्यावा. म्हणून प्रत्येक सूचनेच्या तळाशी ते सनातन वाक्य असलेच पाहिजे : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. या वाक्याचे सामर्थ्य प्रस्तुत लेखकास पुढे कळले. सुज्ञांनी ते आरंभीच ओळखावे.

कलम तिसरे : व्याख्यान. मंडळ बुडवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे तज्ज्ञाचे व्याख्यान. आणि तज्ज्ञ न मिळाल्यास चिटणीसाने ते स्वतः द्यावे. त्या रविवारी ‘पालकांचा क्रोध व त्याचे नियमन’ हा विषय फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून मी सिद्ध होतो. अकरांची गणपूर्ती, हजर नऊ. सभा रीतसर तहकूब केली, आणि त्या अर्ध्या तासाच्या सुरुवातीसच पाचवीतले आमचे चिरंजीव दारात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, “बाबा, आई विचारतेय, डिंकाची बाटली कुठे ठेवलीत? सकाळी तुम्ही वही फाडलीत ना, ती चिकटवायचीय.”

सभागृहात जी शांतता पसरली, तिची नोंद इतिवृत्तात करण्याची सोय नाही. मग बँकेतले एक गृहस्थ म्हणाले की त्यांनी टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला होता आणि गेले तीन आठवडे तो त्यांना स्वतःलाच सापडत नव्हता. एका बाईंनी सांगितले की मुलाचा ‘माझी आई’ हा निबंध त्यांनीच लिहून दिला. दहापैकी सहा गुण मिळाले आणि खाली लाल शाईत शेरा होता : ‘जिव्हाळा कमी पडतो.’ हशा ओसरल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या आजवर एकदाही बोलल्या नव्हत्या, सतरंजीचा दोरा उलगडीत म्हणाल्या की दहावीच्या निकालापासून मुलगा खोलीबाहेर येत नाही, ताट दाराशी ठेवावे लागते, आणि ते रिकामे बाहेर आले की तो दिवस बरा गेला असे त्या समजतात. त्यांना कोणी सल्ला दिला नाही, कारण सल्ला देणारा इसम घरी डिंक शोधीत होता. मी परतलो तेव्हा शेजारच्या बाई त्यांना एवढेच म्हणत होत्या, “आमच्याकडे वर्षभर असंच होतं हो. उद्या मी येते दुपारची.”

कलम चौथे : दंड. त्यानंतर घटनेत एकच दुरुस्ती झाली, ती अशी की जो सभासद आपल्या पाल्याची टक्केवारी सांगेल, त्याने पुढील सभेस सर्वांना बटाटेवडे आणावेत, आणि जो न विचारता उपदेश करील, त्याने सोबत चटणीही आणावी. हा नियम कठोर वाटल्यास गिजुभाई बधेका यांचे स्मरण करावे. हे गृहस्थ आधी वकील. स्वतःस मुलगा झाल्यावर बालशिक्षणाकडे वळले आणि 1920 मध्ये भावनगरास बालमंदिर चालवू लागले. पुढे ताराबाई मोडकांनी तेथेच त्यांच्यासोबत काम केले आणि मग ते मराठी मुलुखात रुजवले. एवढ्या अधिकारी पुरुषाने पालकांसाठी गुजरातीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ काय, तर आईबाप होणे अवघड आहे. वकिली केलेल्या माणसाने इतकी बिनशर्त कबुली दिल्यावर आपण कैफियत कसली मांडायची?

आता मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरते. सूचना निघते, विषय जाहीर होतो, अंगठे उमटतात. अकरांच्या जागी पंधरा-वीस जण आले, तर पाच-दहा जण समंजसपणे जिन्यात थांबतात, जेणेकरून गणपूर्ती होऊ नये. मी चिटणीस या नात्याने दफ्तर उघडून लिहितो, ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब’, आणि टोपण लावतो. जिन्यातली मंडळी आत येतात, कोणीतरी चहाची किटली सरकवते. मागील तपासनिसांनी दफ्तर चाळून आक्षेप काढला आहे की गेल्या दोन वर्षांत तहकूब झालेली एकही सभा पुन्हा भरल्याची नोंद आढळत नाही. त्यांचा आक्षेप बरोबर आहे. तो अर्धा तास अद्याप संपावयाचा आहे.