मार्चएंडनंतरचा वसंत

ज्या माणसाची सगळी नोकरी लेखा विभागात गेली, त्याला वसंत ऋतू ओळखीचा असण्याचं काही कारण नाही. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मार्चमध्ये आमचे हे ताळेबंदात असत. ३१ मार्चची रात्र कचेरीतच जायची. १ एप्रिलला घरी येऊन झोपले की उठेपर्यंत पंखा पाचवर गेलेला असे. मीही काही मोठी निसर्गकन्या नव्हते. शाळेत भूगोल शिकवायचे. समशीतोष्ण कटिबंधातल्या वसंताची वैशिष्ट्यं मुलांनी कशी लिहिली आहेत ते तपासून मार्क देईपर्यंत शाळेच्या खिडकीबाहेरची काटेसावर फुलून, झडून, बोंडं धरून मोकळी झालेली असायची.

त्यामुळे दोघंही निवृत्त झाल्यावर जो पहिला मार्च आला, तो आम्हाला अक्षरशः कुठे ठेवावा कळेना. ह्यांनी आधी पंचांग काढलं. वसंत पंचमी माघात, वसंत ऋतू मात्र चैत्र-वैशाखात, हे वाचून चष्मा कपाळावर सरकवला. "नोंद एका महिन्यात आणि प्रत्यक्ष आवक दोन महिन्यांनी? मधल्या काळात हा ऋतू कोणाच्या ताब्यात असतो?" मी म्हटलं, उचंत खात्यात असेल. त्यांना ते पटलं. मग एक नवी वही उघडली गेली आणि आमचं हिंडणं रीतसर सुरू झालं.

आम्ही राहतो नवी मुंबईत, खारघरला. हे गाव सिडकोनं आखलेलं. म्हणजे आगरी लोकांची जुनी गावं आधीपासून होतीच, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे. त्यांच्या भोवतीने सेक्टर उभे राहिले. आराखड्यात बागेला भूखंड आहे, शाळेला आहे, गोल्फच्या मैदानाला तर आख्खी दरी आहे. वसंताला मात्र कुठेच भूखंड दिलेला नाही. तो बिचारा दरवर्षी अतिक्रमण करून येतो. दुभाजकात पांगारा, गटाराच्या कडेला सावर, टेकडीवर पळस. इथली नावंही आखीव. सिडकोच्या वसाहतींपैकी घरकुल आणि वास्तुविहार ठीक आहे, पण एकीचं नाव चक्क स्पॅगेटी. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत रिक्षावाल्याला "शेवयांच्या बिल्डिंगीजवळ" असंच सांगत, आणि रिक्षावाले बिनचूक आणून सोडत.

इथला सगळ्यांत प्रसिद्ध देखावा म्हणजे पांडवकड्याचा धबधबा. उंची १०७ मीटर. पाहुणा आला की पहिला प्रश्न तोच. आता याची व्यवस्था अशी आहे की पावसाळ्यात पाणी असतं तेव्हा अपघात होतात म्हणून तिथे जायला बंदी, आणि बंदी नसते तेव्हा पाणी नाही. मार्चमध्ये आम्ही दोघं लांबून उभे राहून १०७ मीटर कोरडा कातळ बघून आलो. ह्यांनी वहीत लिहिलं, "धबधबा – प्राप्त नाही."

टेकडीवर मात्र पळस प्राप्त झाला. खारघरच्या टेकडीवर पहाटे अर्धं गाव चढत असतं. त्यात उतरत्या वयाचे लोक चढताना दिसतात आणि चढत्या वयाचे मोबाइलवर फोटो काढत थांबलेले. वर धामोळे, फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. तिथल्या बायका एप्रिल संपता संपता पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन रस्त्याकडेला बसतात. पानं एकही नाही आणि नुसता केशरी जाळ, असा तो पळस ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे दरवर्षी मार्चमध्येच होतं?" मी हो म्हटलं. "पण मार्चमध्ये हे कोणाला परवडतं?"

मुलगी नेदरलँड्समध्ये आहे. ती याच दिवसांत ट्यूलिपच्या शेतांचे फोटो पाठवते, ओळीत लावलेले, एकाच उंचीचे, लाल मग पिवळे मग जांभळे. ह्यांना ते फार आवडतात, कारण रकाने सरळ आहेत. आम्ही उलट टपाली पळस पाठवला. ती म्हणाली, बाबा, झाड जळतंय का?

चैत्र लागला की टेकडी बंद. म्हणजे ती उघडीच असते, आपण बंद पडतो. मग हवा खायला जायचं ते मेट्रोत. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ला धावू लागली. अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं, आणि डब्यात शिरलं की माथेरान. दुपारी दोनच्या सुमाराला उत्सव चौकाहून बसावं, पेंधरला जावं, तिथून पुन्हा बेलापूर. खिडकीतून डोंगर दिसतो, सेंट्रल पार्क दिसतं, आपला घाम वाळताना दिसतो. अशा वेळी डब्यात आमच्यासारखी आणखी दोन-चार जोडपी हमखास असतात. एकमेकांकडे कोणी बघत नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कुठेतरी महत्त्वाच्या कामाला निघाल्याचा भाव. एकदा शेजारच्या आजींनी मला विचारलं, "कुठे उतरणार?" मी म्हटलं, "गारवा वाटला की." त्या म्हणाल्या, "मग पेठपाडा."

फ्लेमिंगोंचं प्रकरण मात्र ह्यांनी अंगावर घेतलं. थंडीत येणारे हे पक्षी ठाण्याच्या खाडीत मे महिन्यापर्यंत मुक्काम ठोकून असतात आणि खाडीतलं शेवाळं खाऊन खाऊन वसंतात चांगले गुलाबी होतात. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला तर ते अगदी बिल्डिंगींच्या पायथ्याशी दिसतात. पण त्यातही वेळ साधावी लागते. ओहोटीला ते दूर चिखलात चरत असतात आणि आपल्याला गुलाबी ठिपके दिसतात. भरतीने चिखल पाण्याखाली गेला की आतल्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणजे भरतीची वेळ कळली पाहिजे. मोबाइलवर ती एका बोटात मिळते, पण आमच्या घरात फुकट मिळालेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. ह्यांनी एका मासळीवालीकडून जुना हिशोब मिळवला. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, दोन्हीकडे भरती.

इतका आनंद ह्यांना पगारवाढीचाही झाला नसेल. कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने वेळा लिहिल्या गेल्या. दुधाचे खाडे टिपायला मला जागा उरली नाही. चैत्र शुद्ध अष्टमीला, म्हणजे रामनवमीच्या आदल्या दिवशी, सुंठवड्याची तयारी सोडून मला पहाटे पाचला उठवण्यात आलं. जिन्यात शेजारीणबाई भेटल्या. एवढ्या सकाळी कुठे, म्हणाल्या. हे म्हणाले, "मुहूर्त सहाचा आहे." त्यांनी कोणाचं लग्न म्हणून विचारलं नाही, पण दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला आमच्याकडे काहीतरी लपवून चाललंय असं वाटत होतं.

पक्षी मात्र आले होते. शेकड्याने, एका पायावर, मान वेळावून. हे मोजायला लागले. लेखा विभागाचा माणूस कळपापुढे उभा केला तर दुसरं काय करणार? दोनशे चाळीसपर्यंत पोचले आणि कोणाचा तरी कुत्रा भुंकला. सगळा गुलाबी ताळेबंद उडून हवेत. मला ते पंखांखालचं काळं-तांबडं बघून भान राहिलं नाही. मराठीत त्यांना अग्निपंख का म्हणतात ते तेव्हा कळलं. हे खाली वाकून वहीत काहीतरी खोडत होते.

उरणलाही जाऊन आलो. लोकल आता थेट उरणपर्यंत जाते, १२ जानेवारी २०२४पासून. बेलापूरला गाडी बदलायची, खारकोपर, गव्हाण, शेमटीखार अशी नावं वाचत जायचं. मिठागरं, खाडी, मग समुद्र. पिरवाडीचा किनारा दुपारी बारा वाजता बघू नये एवढंच सांगते.

आता पेण. आमच्या हिंडण्यातला खरा माल पेणच्या रस्त्यावर आहे आणि तिथे आम्ही लाल डब्याने जातो. कारण उघड आहे. १७ मार्च २०२३पासून बाईमाणसाला एसटीचं तिकीट अर्धं. हे पासष्टीच्या पुढचे, म्हणून ज्येष्ठ नागरिक, म्हणून तेही अर्धं. ह्यांच्या मते आम्ही दोघं मिळून एक प्रवासी आहोत. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये थांबवली ते दुःख ह्यांनी अजून पचवलेलं नाही. लांबची गाडी म्हटली की सुतक पाळल्यासारखे गप्प होतात. त्यामुळे सगळं प्रेम एसटीवर.

मला कंडक्टर काही विचारत नाही. बाई दिसली की अर्धं फाडतो. ह्यांच्यापाशी मात्र नाट्य असतं. "काका, आधार?" असं कंडक्टरने विचारलं की ह्यांचा दिवस सोन्याचा, कारण त्याला आपण पासष्टीच्या आतले वाटलो. मग सावकाश पाकीट, त्यातून सावकाश कार्ड. आणि एखाद्याने न विचारताच "दोन अर्धी ना?" म्हटलं की पनवेल सुटेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसतात. मी एकदा एका पोरसवदा कंडक्टरला हळूच सांगितलं, "ह्यांना विचार हो आधार." गुणी मुलगा. त्याने नुसतं विचारलंच नाही, तर कार्ड आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला. त्या दिवशी मला पेणमध्ये काही म्हणजे काही नाकारलं गेलं नाही.

पनवेल सोडलं की शिरढोण. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म इथला, १८४५चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. तो कर्नाळ्याचा सुळका लगेच पुढे दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. त्याच्या पायथ्याचं पक्षी अभयारण्य १९६८पासूनचं, अवघं बारा चौरस किलोमीटर, पण एप्रिलमध्ये आत शिरलं की हायवेचा आवाज बंद होऊन तांबटाचा सुरू होतो, टुक टुक टुक, कुठेतरी कोणी बोअर खणत असल्यासारखा. किल्ला चढावा असं दरवेळी ठरतं. दरवेळी माझे गुडघे किंवा ह्यांचा हिशोब आड येतो.

पेणमध्ये वसंत म्हणजे गणपती. वाचून चुकल्यासारखं वाटेल, पण भाद्रपदातला गणपती इथे फाल्गुन-चैत्रातच कामाला लागलेला असतो. पेणात, हमरापुरात, जोह्यात घरोघरी कारखाने. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना बोट गाठायची असते, त्यामुळे त्यांची घाई सर्वांत आधी. एका ओट्यावर आम्ही दीडशे-दोनशे पांढरे गणपती पाहिले, न रंगवलेले, न डोळे उघडलेले. एका बाजूला सोंडा वाळत होत्या. एक बाई मांडीवर गणपती घेऊन त्याला पीतांबर नेसवत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोनवर सुनेला भाताला किती शिट्ट्या ते सांगत होत्या. ह्यांनी चौकशी केली, शिल्लक साठा कसा मोजता? बाई म्हणाल्या, "मोजत नाही. सगळे जातात."

ह्यावर ह्यांना दिवसभर विचार करायला मिळाला. मी तेवढ्यात पोह्याचे पापड घेतले. पेणला येऊन पापड न घेणं म्हणजे देवळात जाऊन बाहेरूनच परत येणं. पुढे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या. हा कांदा याच दिवसांत येतो, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि चवीला इतका गोड की कच्चा खाताना डोळ्यांत पाणी येतं ते फक्त भाव ऐकून. मग कैऱ्या, मग ओले काजू. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे हे वहीत 'प्रवास-बचत' अशा शीर्षकाखाली लिहितात. त्याच्या समोरचा रकाना मी भरते.

परतीच्या गाडीत शेजारी एक आजोबा बसले होते. पांढरं धोतर, हातात रिकामी पिशवी. कंडक्टर आला, आजोबांनी कार्ड दाखवलं, त्याने शून्याचं तिकीट फाडून दिलं. ह्यांची मान एकदम वळली.

"पंच्याहत्तर झाली का?"

"अठ्ठ्याहत्तर," आजोबा म्हणाले. "अमृत ज्येष्ठ नागरिक. सगळ्या राज्यात फुकट."

"रोज येता?"

"तर काय. पेणला येतो, चहा पितो, परत जातो. सून म्हणते, घरी चहा मिळत नाही का? म्हटलं, मिळतो. पण घरच्या चहाला गाडी लागत नाही."

ह्यांनी आजोबांकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं माझ्याकडे लग्नातही पाहिल्याचं आठवत नाही. कर्नाळा मागे गेला तरी गप्प. पळस्प्याला वही उघडली, स्वतःच्या पंच्याहत्तरीचं साल काढलं, त्याखाली रेघ मारून ठिकाणं लिहायला घेतली. तुळजापूर, माहूर, गडचिरोली. गडचिरोलीत आमचं कोणी नाही. पण लांब आहे, म्हणून.

"तेव्हा तू एकाहत्तरचीच असशील," हे मला म्हणाले, आवाजात थोडी कणव. "तुझं अर्धं लागेल. माझं शून्य. म्हणजे आपण दोघं मिळून अर्धाच माणूस."

मी मांडीवरच्या कांद्याच्या माळा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"मग या कोण धरणार?"