आत चिप कोणती?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत वस्तू विकत घेणारे पुष्कळ आहेत. वस्तूंची चौकशी करणारे एकटे अण्णा. खरेदी म्हणजे अण्णांच्या लेखी चौकशीला लागणारी कीड. चौकशी छान टवटवीत चाललेली असते, तेवढ्यात कुणीतरी पैसे देऊन टाकतं आणि सगळा खेळ आटोपतो. म्हणून अण्णा शक्यतो पैसे देत नाहीत.

गेल्या दिवाळीत त्यांचा नातू अमेरिकेहून आला होता. आपण गेम खेळतोय हे रेकॉर्ड करून जगाला दाखवायचा त्याला नाद. त्यासाठी त्याने अंगठ्याएवढं एक एचडीएमआय कॅप्चर मागवलं. खोक्यावर ठसठशीत ‘४के’. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, ते चिमुकलं यंत्र नाकाशी धरलं आणि विचारलं, “आत चिप कोणती?”

नातू गप्प.

“हे ४के आत घेतं, पण बाहेर १०८०च देतं. तेही सेकंदाला तीसच चित्रं. यूएसबी दोनची मोरी आहे ही. हिच्यातून मुठा कशी वाहणार?”

नातवाने जोडून पाहिलं. अण्णा बरोबर होते. अण्णांच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण हीच, की ते बरोबर असतात. चुकत असते तर लोकांनी त्यांना कधीच टाळलं असतं.

हे ज्ञान त्यांना मिळालं २००६ साली. गुरू होतं एक टीव्ही ट्यूनर कार्ड.

झालं असं, की लेकीचा फोन आला. “अण्णा, माझ्या लग्नाची कॅसेट सीडीवर करून पाठवा ना. मला आजीला बघायचंय.” लग्न १९९४चं. आजी, म्हणजे अण्णांच्या आई, त्यानंतर वर्षभरात गेल्या होत्या. अण्णा एका स्टुडिओत विचारून आले. एका कॅसेटचे चारशे रुपये.

“चारशे!” ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले. “म्हणजे पुढच्या कॅसेटचे परत चारशे. त्यापुढच्या कॅसेटचे आणखी चारशे. त्यापेक्षा यंत्रच घरात आणलेलं काय वाईट?”

“तुमच्याकडे कॅसेट किती आहेत, अण्णा?”

“एक.”

पण यंत्राला दुसरी बाजूही होती. टीव्ही ट्यूनर कार्डावर कॅसेट उतरवता येते, शिवाय केबल जोडली की कॉम्प्युटरवर टीव्ही दिसतो. म्हणजे बायकोची, माईंची, मालिका हॉलमध्ये, अण्णांची मॅच आतल्या खोलीत. एका पैशात दोन वस्तू म्हटलं की अण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते इतरांच्या चेहऱ्यावर काकड आरतीला येतं.

एलआयसीच्या जुन्या डायरीत रकाने आखले गेले. ट्यूनरचे तेव्हा तीन प्रकार. पहिला बाहेरचा डबा. तो मॉनिटर आणि सीपीयूच्या मधे बसायचा. कॉम्प्युटर बंद असला तरी टीव्ही दाखवायचा, पण रेकॉर्डिंगच्या नावाने शून्य. “हा जेवायला येणारा जावई,” अण्णा म्हणाले, आणि त्याच्यावर काट मारली. दुसरा यूएसबीचा. पण अण्णांच्या कॉम्प्युटरचं यूएसबी पहिल्या पिढीचं, सेकंदाला १२ मेगाबिटवाल्या काळातलं. त्यातून चित्र ठिबकलं असतं, वाहिलं नसतं. दुसरी काट. उरलं कार्ड, सीपीयूचं पोट उघडून पीसीआयच्या खाचेत बसवायचं.

मग अण्णा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जाऊ लागले. पीएमटीचा ज्येष्ठांचा पास होता, त्यामुळे जायला खर्च नव्हता आणि यायला घाई नव्हती. पहिल्या महिन्यात दुकानदार त्यांना खोकी दाखवायचे. दुसऱ्या महिन्यात खोकी दाखवायची बंद झाली, पण स्टूल मिळू लागलं. तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाइकाने काही अवघड विचारलं, की दुकानदार म्हणायचा, “जरा थांबा, आजोबा येतीलच एवढ्यात.”

कारण तोवर अण्णांना शोध लागला होता. खोकी पाच, आतली चिप एक. खोक्यावर हसणारी बाई असेल तर अडीच हजार, नुसता टीव्ही छापला असेल तर बाराशे. पोटात दोन्हीकडे तेच. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त कार्डांत ब्रुकट्रीची ८७८ नाहीतर फिलिप्सची ७१३० असायची. फिलिप्सचीच ७१३४ जरा वरच्या घरातली, तिला स्टिरिओ आवाज कळायचा. ७१३०ला तो कळत नसल्यामुळे आवाजाची एक वेगळी वायर साउंड कार्डाला जोडावी लागायची. “आपल्या केबलवाल्याचा आवाज कधी स्टिरिओ होता?” अण्णांनी विचारलं आणि ३४च्या रकान्यावर काट मारली. आणखी महाग कार्डांत चित्र दाबून लहान करणारी चिप वेगळी असायची. स्वस्तातलं कार्ड ते ओझं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकायचं. “आमचा प्रोसेसर दिवसभर बसूनच असतो,” अण्णा म्हणाले. “करू दे की काम.”

साडूंच्या नातवाच्या मुंजीला मुंबईला गेले तेव्हा मुंजीनंतर लॅमिंग्टन रोडलाही जाऊन आले. तिथे तेच कार्ड पन्नासने स्वस्त होतं. घेतलं नाही. “बदलून घ्यायची वेळ आली तर ग्रँट रोडला परत कोण जाणार?” म्हणाले. पण पन्नास रुपयांची ती नोंद डायरीत लाल शाईने झाली आणि तपकीर गल्लीत रोज वाचून दाखवली जाऊ लागली.

पाच महिने झाले. शेवटी माई मिक्सरचं भांडं बदलायला त्याच गल्लीत गेल्या. भिशी लागली होती. येता येता दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, “आमचे हे रोज जे बघून जातात, ते एक द्या.” बाराशे रुपये मोजले. मिक्सरच्या भांड्यात कार्ड घालून घरी आणलं.

अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. पन्नास रुपयांचं दुःख नव्हतं. दुपारचं जेवण झाल्यावर आता जायचं कुठे, हा प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं, बॅटरी धरायला. अण्णांनी सीपीयू जमिनीवर आडवा केला, आतली धूळ जुन्या दाढीच्या ब्रशने झाडली, नातवाचा खोडरबर घेऊन कार्डाच्या सोनेरी दातांवर हळू फिरवला आणि कार्ड खाचेत दाबलं. खट्ट आवाज झाला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बसलं.” ते म्हणाले, “बसलं तर खरं.”

व्हीसीपी भाच्याकडून आणला. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. बाराएक पावसाळे लोखंडी कपाटात काढल्यावर आणखी काय होणार? ती स्पिरिटच्या बोळ्याने, पुढे-मागे फिरवत, अर्धा दिवस पुसली. व्हीसीपीचं हेड साफ करायला कोरी नोट फिरवायची आपल्याकडे पद्धत होती. भाच्याने खिशातून दहाची काढली. अण्णांनी ती परत करून पाचाची मागितली.

कॅसेट चालू केली, तर लग्न काळंपांढरं आणि वरून खाली धावणारं. अंतरपाट छताला, नवरानवरी जमिनीत. “दादासाहेब फाळक्यांनी काढलंय का हे?” माई म्हणाल्या. अण्णा शांत. सॉफ्टवेअरने न विचारता देश अमेरिका धरला होता. अमेरिकेचा टीव्ही एनटीएससी, ५२५ रेघांचा; आपला पाल, ६२५ रेघांचा. यादीतून ‘इंडिया’ निवडलं, आणि लेकीचा शालू हिरवागार झाला. आवाज मात्र डब्यात खडे हलवल्यासारखा. वायर गुलाबी भोकात घातली होती, ते माइकचं. शेजारच्या फिक्या निळ्यात घातल्यावर सनई सुरू झाली. माई पदर सावरून बसल्या, जणू कार्यालयात आल्या होत्या.

मग विजेच्या बिलामागे गणित. ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. न दाबता भरलं तर तासाला ७५ जीबी. अण्णांची हार्ड डिस्क ८० जीबीची. म्हणजे मंगलाष्टकं संपेपर्यंत डिस्क भरली असती. त्यामुळे एमपीईजी-२, तासाला २ जीबी. कॅसेट तीन तासांची, उतरवायलाही तीनच तास. त्याला आडवाट नाही. त्या तीन तासांत मिक्सर, इस्त्री आणि फ्रिजचं दार उघडणं यांवर घरात बंदी.

बरोबर दोन तासांनी रेकॉर्डिंग थांबलं. पडद्यावर व्याही, तोंडासमोर जिलबी, तोंड उघडं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच, जिलबीशीच. माईंना व्याह्यांची दया यायला लागली. अण्णांनी रात्रभर विचार करून दोष शोधला. डिस्क फॅट-३२ पद्धतीने आखलेली, ती एक फाइल ४ जीबीपलीकडे वाढू देत नाही. एक्सपीमध्ये एका ओळीच्या आज्ञेने ती एनटीएफएस करून घेतली. तिसऱ्या खेपेला व्याह्यांनी जिलबी खाल्ली. माईंनी टाळ्या वाजवल्या.

पंगत पुढे सरकली. उखाणे झाले. विहिणींचा मान झाला. ऐन पाठवणीच्या तोंडावर, तीन तास होता होता, पडदा निळा.

यानंतरचा आठवडा सोसायटीला आठवतो. अण्णांनी ड्रायव्हर बदलला, वायर बदलली, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. तपकीर गल्लीत जाऊन, पाच महिन्यांत पहिल्यांदाच, तक्रार केली. आजीची ओटी भरणं, नातीला कुरवाळणं, सगळं पाठवणीतच होतं. लेकीला तेच हवं होतं.

शेवटी मी कॅसेट बाहेर काढून पाहिली. टेप सगळी उजव्या चकतीवर गेलेली होती. “अण्णा, कार्डाचा दोष नाही. कॅसेटच इथे संपते.”

हे बारा वर्षांत कुणाला कसं कळलं नाही? लग्नाची तीन तासांची कॅसेट शेवटपर्यंत पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

अण्णांनी शेवटची दोन मिनिटं मागे घेतली आणि आवाज मोठा केला. पंगतीच्या गलक्यात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, एक ओळखीचा आवाज कुजबुजत होता: “दुसरी कॅसेट लावू नका हं. याच्यात बसवा. पाठवणीत काय दाखवायचंय? सगळे रडतच तर असतात.”

आवाज अतिशय स्वच्छ आला होता. बाराशेच्या कार्डाला मानलं पाहिजे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग माईंनी विचारलं, “किती वाचले होते हो?”

“शंभर,” अण्णा म्हणाले. आकडा त्यांना पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्याह्यांना फोन केला. मी शेजारीच होतो. “तुमच्याकडे गृहप्रवेशाचं शूटिंग होतं ना? ते कुठपासून आहे?” अण्णांच्या तोंडून भाव नसलेली चौकशी मी पहिल्यांदा ऐकली. तिकडून उत्तर आलं, कार्यालयाच्या दारापासून आहे. म्हणजे पाठवणी धरून.

व्याही हडपसरला. पासवर बसने जाता आलं असतं. अण्णा रिक्षाने गेले, मीटरने. कॅसेट हातात पडेपर्यंत रिक्षा खाली थांबवून ठेवली, आणि तिच्यातूनच परत आले. विहीणबाईंनी दिलेला चहासुद्धा अर्धाच प्यायले.

सीड्या अमेरिकेला गेल्या. “तिथल्या टीव्हीवर लावू नकोस, कॉम्प्युटरवर बघ,” ही सूचना पाकिटावर दोनदा लिहून. कार्डावर टीव्ही पुढे सात वर्षं दिसला. २०१३ साली पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि कार्डाची ती बाजू संपली, तरी अण्णांनी ते काढू दिलं नाही.

एलआयसीची ती डायरी मध्यंतरी मला चाळायला मिळाली. लॅमिंग्टन रोडचे लाल पन्नास रुपये आहेत, स्पिरिटची बाटली आहे, भाच्याला परत केलेले पाच रुपयेही आहेत. हडपसरच्या रिक्षाचे किती झाले ते बघायला मी त्या तारखेचं पान काढलं. तिथे आकडा आहे, पण रुपयांचा नाही.

‘आई – ४ मिनिटं १० सेकंद. आवाज चांगला.’